तीन रोपं, आनेलोरेच्या नावावर

१ एप्रिल, सोमवार
ईस्टरची सुट्टी. न्याहारीला आनेलोरे म्हणाली, "गेरोल्ड, आजपासून घरात गांजा लावायला परवानगी आहे. माझ्या कपड्यांच्या कपाटात मी तीन रोपं लावणार आहे."
मी भिंतीवरची तारीख बघितली आणि हसलो. ती हसली नाही. पावाला लोणी लावत राहिली.
चौकशी केली तर कायदा खरंच आजपासून लागू, सगळ्या जर्मनीत. ज्या सरकारला असा कायदा आणायला एक एप्रिलच सापडतो, त्याच्याबद्दल काय बोलावं!
ही वही मी त्यासाठीच काढली आहे. उद्या पोलीस दारात आले तर काय, कधी आणि कोणी केलं याची नोंद असलेली बरी. तीस वर्षं मी एसलिंगेन नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात तपासनीस होतो. नोंद नसलेल्या गोष्टीचं पुढे काय होतं ते मी पाहिलं आहे.

६ एप्रिल
कायदा छापून आणला आणि पूर्ण वाचला. माणशी तीन रोपं. फक्त स्वतःच्या वापरासाठी. दुसऱ्याला एक पानसुद्धा द्यायचं नाही, बायकोलाही नाही. मी ओढत नाही, म्हणजे मला रोपं लावता येणार नाहीत. आणि तिची रोपं मी वाढवली तर मी दुसऱ्यासाठी लागवड केली असा अर्थ निघतो. तसं स्पष्ट लिहिलेलं नाही, पण काढणारा काढेल.
आनेलोरेला समजावून सांगितलं. रोपं तुझ्या नावाची, माती तू भरायची, पाणी तू घालायचं. मी हात लावणार नाही.
"बोट?" तिने विचारलं.
"काय बोट?"
"बोट दाखवलेलं चालेल ना? तेवढं तू केल्याशिवाय राहणार नाहीस."
हिला प्रत्येक गोष्टीची थट्टा सुचते. जन्म गेला बालवाडीत शिकवण्यात, त्याचा परिणाम.

१२ एप्रिल
मुळात हे सगळं तिच्या पाठीसाठी. हिवाळ्यापासून पाठ दुखते, पोटापासून मागे कळ जाते म्हणते. मी म्हटलं, डॉक्टरकडे जा, आता ते गांजाचीही चिठ्ठी देतात, औषधाच्या दुकानात सरळ मिळतो. फेब्रुवारीपासून ट्युबिंगेनच्या हॉस्पिटलात तुझ्या तीन खेपा झाल्या, तिथे मागायचीस ना!
"मला चिठ्ठी नकोय. मला वाढवायचाय."
"तू आजवर घरात एक पुदिना जगवला नाहीस."
"म्हणून तर."
याला उत्तर म्हणतात का? मी पेपर उघडला. बेचाळीस वर्षांच्या संसारात एवढं एक शिकलो.

२० एप्रिल
आज कपाट रिकामं केलं. केलं कसलं, लुटवलं. मला वाटलं होतं कपडे पलंगाखालच्या खोक्यात जातील. बाईने सगळे पिशव्यांत भरले आणि रेड क्रॉसच्या पेटीत टाकून आली. त्यात तिचा निळा लोकरीचा कोट! तीन हिवाळेसुद्धा वापरला नव्हता. चामड्याचे बूटही गेले.
मी म्हटलं, "डिसेंबरात काय घालणार आहेस?"
"डिसेंबरचं डिसेंबरात बघू."
"म्हणजे पुन्हा नवा कोट घ्यायचा!"
"नाही रे. नवा नको घ्यायला."
असा तिचा हिशेब. चांगली वस्तू द्यायची आणि नवी घेणार नाही म्हणायचं. मग काय गोधडी पांघरून बाजारात जाणार? दिवसभर माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

२७ एप्रिल
सामान आणायला आम्ही दोघं श्टुटगार्टला गेलो. दुकानदार लोथर माझ्याच वयाचा, केसांची शेपटी बांधलेला. दिवा, पंखा, वास शोषणारी कोळशाची नळी आणि दिवा आपोआप चालू-बंद करणारं घड्याळ घेतलं. वायरिंग मी तपासलं. वायरिंग म्हणजे लागवड नव्हे.
लोथरने विचारलं, "साहेब, पहिल्यांदाच?"
मी म्हटलं, "मी नाही. या लावणार."
आनेलोरेने त्याला विचारलं, "बी पेरल्यापासून हातात यायला किती दिवस लागतात?"
"ऑगस्टच्या शेवटी येईल. घाई केली नाही तर मस्त येतो."
"आणि घाई असली तर?"
तो हसला. "बाई, झाडाला घाई कळत नाही."
ती हसली नाही. तिने दिव्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, चला. परतीच्या वाटेवर गाडीचा पट्टा पोटाला टोचतो म्हणून हाताने धरून बसली होती. मी दोनदा सांगितलं की पट्टा असा धरायचा नसतो.

९ मे
तिन्ही बिया उगवल्या. तिने मला झोपेतून उठवून नेलं आणि दिव्याखाली बोटभर कोंब दाखवले. मला विशेष काही वाटलं नाही. मुळा असाच दिसतो.
नेम असा ठरला आहे: सकाळी न्याहारीनंतर ती कपाटासमोर गुडघे टेकते आणि झारीने पाणी घालते. मी मागे उभा राहून सांगतो. कारण तिच्या हाताला अंदाज नाही. एका कुंडीत तळं करते, दुसरी कोरडी ठेवते. मी म्हणतो, डावीकडे जास्त झालं. ती म्हणते, इथे खाली बसून बघ, कमीच आहे. मी म्हणतो, खालच्या बशीत पाणी साचलं आहे, मुळं कुजतील. ती म्हणते, उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. अर्धा तास यातच जातो. मग माझा पेपर गार होतो, म्हणजे कॉफी.

२१ मे
आज दुपारी मला स्वयंपाकघरात उभं केलं. मसूर आणि श्पेट्झलेच्या शेवया कशा करायच्या ते मी शिकायचं म्हणे. स्वतः खुर्चीत बसली, पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून, आणि तिथून हुकूम सोडत राहिली. "व्हिनेगर शेवटी! शेवटी म्हटलं ना!"
"तू असताना मी का शिकायचं?"
"पोरगा हुशार आहे, शिकेल," ती मसुराकडे बघून म्हणाली.
मसूर बरा झाला होता. तिने दोन चमचे खाल्ले आणि ताट सरकवलं. एवढं रांधून घेतलं आणि खायला नाही! पँटसुद्धा कमरेवरून घसरते तिची. जिने चढून बारीक झाले, म्हणते. मी तोच जिना चढतो, माझं पोट आहे तिथेच आहे.

१५ जून
फुटबॉलची स्पर्धा आपल्याच देशात, आणि काल पहिल्याच सामन्यात आपण पाच गोल केले. आज सकाळी ते सगळं पेपरात वाचायचं होतं. त्याऐवजी कपाटासमोर उभा. लोथरने फोनवर सांगितलं की आता दिवा अर्धा दिवसच ठेवायचा, मग झाड फुलावर येतं. घड्याळ लावणं म्हणजे लागवड होते का यावर मी तासभर विचार केला. शेवटी तिनेच लावलं. उलटं लावलं. मी सांगितलं, तिने पुन्हा उलटं लावलं आणि जमिनीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. उठायला मात्र पाच मिनिटं लागली. मी हात दिला. ती म्हणाली, "हे चालतं का कायद्यात?"
मी म्हटलं, "बायकोला उठवायला परवानगी लागत नाही."

३० जून
वास! कोळशाच्या नळीचा काही उपयोग नाही. घरभर मांजर मुतल्यासारखा आणि त्यात लिंबू पिळल्यासारखा वास. खालच्या मजल्यावरच्या हेफेलेबाई आल्याच वर. हात कमरेवर.
"डोर्नरसाहेब, जिन्यात कसला वास येतो?"
मी कायद्याचा कागद आणला. कलम दाखवलं.
"कलमाला वास येत नाही. जिन्याला येतो. या घरात लहान मुलं येतात."
"कोणाची?"
"माझ्या बहिणीची नातवंडं. नाताळात."
"मग नाताळात बोलू."
"मी घरमालकाला लिहिणार आहे," असं म्हणून धाडधाड जिना उतरल्या. चाळीस वर्षं ही बाई नाकाने कांदे सोलते आहे. जिना झाडायची पाळी एक आठवडा त्यांची, एक आमची; आमचा झाडून झाला की मागून येऊन कठड्यावर बोट फिरवून बघते.
आनेलोरे आतून सगळं ऐकत होती. म्हणाली, "मी बोलते तिच्याशी." उतरली खाली, दोन तास वर आली नाही. आली तेव्हा हातात हेफेलेबाईंनी दिलेला अर्धा प्लमकेक होता.
"घरमालकाला लिहिणार नाही ती," एवढंच म्हणाली.
काय जादू केली कोण जाणे. मला तर वाटतं बाईंनी गुपचूप मागणी नोंदवली असावी. मी आनेलोरेला बजावलं, दुसऱ्याला एक पानसुद्धा नाही.

८ जुलै
दर वर्षी ऑगस्टात आम्ही समुद्रावर जातो, आम्रुम बेटावर, त्याच घरात, त्याच खोलीत. मालकिणीचा फोन आला. मी होकार देणार तोच आनेलोरे म्हणाली, या वर्षी नाही, रोपांना पाणी कोण घालणार? बरं, म्हटलं, मग पुढच्या वर्षीची तरी खोली धरून ठेवू, ती खोली हातची गेली तर पुन्हा मिळत नाही.
"तू धर तुझ्यासाठी," ती म्हणाली.
"माझ्यासाठी म्हणजे? एकटा जाऊन काय खेकडे मोजू?"
ती आंघोळीला गेली, आणि बराच वेळ नळ सोडून बसली. तीन रोपांपायी समुद्र सोडणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. मालकिणीला फोनवर कळवतो म्हटलं.

२० जुलै, शनिवार
या आठवड्यात जिना झाडण्याच्या पाळीची पाटी आमच्या दारावर आहे. सकाळी मी केरसुणी घेऊन बाहेर आलो, तर जिना झाडलेला! ओला फडकाही मारलेला. कठडा चकचकीत. तळाशी हेफेलेबाई बादली रिकामी करत होत्या.
आता ही नवी तऱ्हा. आधी बोट फिरवून आमचा कचरा शोधायचा, आता सरळ आमच्या पाळीत झाडायचं, म्हणजे सगळ्या घराला कळावं की डोर्नरांना जिना स्वच्छ ठेवता येत नाही. एखाद्याच्या तोंडावर थुंकण्याचा हा आमच्याकडचा सभ्य प्रकार.
आनेलोरेला सांगितलं. "झाडू दे ना तिला," म्हणाली. पलंगावरून उठली नव्हती. न्याहारीही नाही. पाणी घालायला मात्र उठली, भिंतीला धरून. मी म्हटलं, इतकं दुखतं तर एक दिवस नको घालूस. म्हणाली, तू मागे उभा राहा, मला बरं वाटतं.
फुलं आता बोटाएवढी झाली आहेत. चिकट. मी लांबून बघतो.

२७ जुलै, शनिवार
आज स्फोट झाला. या आठवड्यात पाळी हेफेलेबाईंची, ती त्यांनी केलीच. पण आमच्या दारासमोरचं पायपुसणंसुद्धा झटकलं, खिडकी पुसली, आणि आमच्या कचऱ्याची पिशवी उचलून खाली नेली. आमची पिशवी! मी चपला घालून मागे धावलो.
"हेफेलेबाई, आमचा कचरा आम्ही नेतो."
"न्या की. कोण नको म्हणतंय?"
"मग तुमच्या हातात ती काय आहे?"
"पिशवी आहे. जड नाही."
"हा काय प्रकार चालवलाय तुम्ही? मागच्या आठवड्यात आमची पाळी मारली, आज कचरा. आम्ही काय मेलो का?"
त्यांनी पिशवी खाली ठेवली. 
"डोर्नरसाहेब," त्या म्हणाल्या, "तुम्ही आंधळे आहात की तसं सोंग करता?"
आणि एप्रन डोळ्यांना लावून आपल्या दारात शिरल्या.
मी कचरा टाकून वर आलो. आनेलोरेला म्हटलं, तुझ्या मैत्रिणीचं डोकं फिरलं आहे, जिन्यात रडते. ती उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "गेरोल्ड, दार लाव आणि इथे बस."
मी म्हटलं, हात धुऊन येतो.

२८ जुलै
स्वादुपिंडाचा कर्करोग. फेब्रुवारीत कळलं. ट्युबिंगेनच्या खेपा त्याच्याच. उन्हाळा मिळेल, कदाचित थोडा शरद ऋतू, असं त्यांनी तिला सांगितलं. औषधांनी फार तर थोडे दिवस वाढले असते, तेही हॉस्पिटलात. ती नको म्हणाली. हेफेलेबाईंना एका महिन्यापासून माहीत आहे.
मला का नाही सांगितलं?
"सांगितलं असतं तर तू फाइल उघडली असतीस. दुसरं मत, तिसरं मत. माझा उन्हाळा त्या फायलीत गेला असता."
खरं आहे. उघडली असती. मी तिच्यावर ओरडलो. बेचाळीस वर्षं, आणि शेजारणीला आधी! ती ऐकत राहिली. मग मी रडलो, तिने माझं नाक पुसलं, बालवाडीतल्या पोराचं पुसावं तसं.
मे महिन्यापासून रोज सकाळी मी या बाईला गुडघ्यांवर बसवलं. झारी उचलायला लावली. मागे उभा राहून म्हणत होतो, डावीकडे जास्त झालं. कशासाठी? तर एका कलमाचा कोणी कधी वाकडा अर्थ काढेल म्हणून. या वहीत ते सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. पोलिसांना दाखवायला.

५ ऑगस्ट
आजपासून शुश्रूषेला एक परिचारिका येते. नाव युटा, रुंद खांद्यांची, मोठ्याने बोलणारी. पिशवीतून एक लहान बाटली काढून टेबलावर ठेवली. थेंब. मी लेबल वाचलं. गांजाचेच! डॉक्टरांच्या चिठ्ठीने आले, विम्यात बसतात. ही बाटली एप्रिलातही मिळाली असती.
युटा गेल्यावर मी स्वतःला आवरू शकलो नाही.
"मग तो दिवा कशाला? तो वास? घड्याळ, माती, लोथर? कपाट रिकामं केलंस, कपडे देऊन टाकलेस, त्या कुंड्यांपुढे वाकून वाकून कंबर मोडून घेतलीस. दुखण्यावरचं औषध बाटलीत मिळत होतं, आनेलोरे!"
"दुखण्यासाठी नव्हतीच रोपं."
"मग कशासाठी?"
 
"तू निवृत्त झालास त्याला सहा वर्षं झाली," ती म्हणाली. "सकाळी पेपर, मग तळघर, मग फेरफटका. दिवसभरात माझ्याशी बोलायचास कधी? जेवणात मीठ कमी असलं तर. आणि गेले तीन महिने तू रोज सकाळी अर्धा तास माझ्या मागे उभा राहून बडबडतो आहेस. माझ्या हाताकडे बघत. मान वळवली नाही तरी मला कळतं तू कुठे आहेस. मला तेवढंच हवं होतं. तुझा कायदा आडवा आला नसता तर तू दुसऱ्या दिवशी झारी माझ्या हातातून घेतली असतीस, एकट्याने सगळं नीट केलं असतंस, आणि मी पुन्हा स्वयंपाकघरात."
 मी बाटलीवर थेंब किती वेळाने द्यायचे ते पुन्हा वाचलं.
"चिडलास?" तिने विचारलं.
"भयंकर."
"चांगलं आहे," ती म्हणाली.

९ ऑगस्ट, शुक्रवार
आज ती उठू शकली नाही. उठायचा प्रयत्न केला, पाय जमिनीला लागले, आणि पुन्हा बसली. कपाटाकडे बघत म्हणाली, "आज त्यांना पाणी नाही."
मी हेफेलेबाईंना हाक मारली. त्या आणि मी मिळून तिला आरामखुर्चीत बसवलं आणि खुर्ची कपाटासमोर नेली. हेफेलेबाईंनी उशा लावल्या, वासाने नाक मुरडलं, आणि खाली गेल्या.
मी झारी भरून आणली. आनेलोरे बघत राहिली.
"कायदा?" तिने विचारलं.
मी म्हटलं, "गप्प बस."
आणि कपाटासमोर गुडघे टेकले. कायदा मोडायची माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ, आणि गुडघा कडाडला तेवढंच जाणवलं. खाली बसल्यावर रोपं वेगळीच दिसतात. फुलं जड होऊन वाकली होती, पानांवर बारीक दव असल्यासारखी चमक होती. इतके दिवस मी फक्त तिची पाठ बघत होतो.
"डावीकडे कमी," मागून आवाज आला. बारीक होता, पण तोच.
"कमीच घालतोय."
"कमी कसलं, तळं झालंय. बशी बघ. गेरोल्ड, बशी बघ ना! किती वेळा सांगायचं तुला? मधल्याला अजून एक थेंब मिळाला नाही आणि डावीकडे नदी. एवढा मोठा तपासनीस!"
ती बोलत राहिली. मला डावीकडची कुंडी भरलेली दिसत होती, बशीतून पाणी फरशीवर उतरत होतं, माझ्या गुडघ्यापर्यंत आलं होतं. मी झारी तिथेच धरून ठेवली आणि मुद्दाम ओतत राहिलो.